या एकदा घरी

मिशनच्या बंगल्यावर शिकवायला जाताना मोरोपंत स्वतःची चटई काखेत मारून नेत. साहेब खुर्चीवर, पंडित चटईवर, आणि मध्ये मोकळी फरशी. घरी परतले की मागच्या दाराने थेट विहिरीवर. अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावर पाणी ओतून घेत, आणि मगच ओसरीवर पाऊल पडे. माळव्यातल्या धार संस्थानच्या दक्षिणी ब्राह्मणांनी या व्यवहाराचा पुष्कळ खल करून असं ठरवलं होतं की विद्या कानावाटे जाते आणि कानाला विटाळ नसतो. दरबारच्या शाळेतली मोरोपंतांची जागा इंदूरच्या एका मॅट्रिक झालेल्या मुलाला गेली, तेव्हापासून घर या निर्णयावरच चाललं होतं.

त्या मार्गशीर्षात बंगल्यावर नवा पादरी आला. नाव ह्यू प्रिंगल. तांबडे केस, सोललेलं नाक, आणि चेहऱ्यावर असा उत्साह की पाहणाऱ्याला दमायला व्हावं. दुसऱ्या दिवशी गावाने त्याचा पिंगळेसाहेब करून टाकला. धारेत आडनाव बदलायला बाप्तिस्मा लागत नाही.

बंगल्याचे थोरले साहेब माळव्यात म्हातारे झालेले. सकाळी ते नव्या साहेबाला तालीम देत: पाणी उकळून प्या, उन्हात टोपी काढू नका, कोणाच्या चुलीजवळ जाऊ नका, मला विचारल्याशिवाय कोणाच्या घरी जाऊ नका. बाजारात हिंदीवर भागतं, ते म्हणत, पण दरबारी मंडळींच्या घरात मराठी लागते, आणि त्या घरांचं दार आपल्याला इतक्या वर्षांत उघडलेलं नाही. मग पिंगळेसाहेब मोरोपंतांच्या हवाली होई.

पोरगा हुशार होता, हे मोरोपंतांना कबूल करावं लागलं. सोमवारी 'ळ' म्हणताना त्याची जीभ टाळ्याला चिकटली, बुधवारी सुटली. 'या, बसा, पाणी घ्या' तर असं म्हणायचा की डोळे मिटले तर शेजारचे कृष्णाजीच वाटावेत. भाषेबरोबर रीतही शिकवावी म्हणून पंतांनी त्याला जोडे कुठे काढायचे, पाय कधी धुवायचे, पाटावर कसं बसायचं, सगळं करून दाखवलं. पाट म्हणून त्यांनी चटईची घडी वापरली.

धडा संपला की पंत उठत, लांबून हात जोडत आणि म्हणत, "बराय साहेब. या एकदा घरी."

हे ते सगळ्यांनाच म्हणत. तहसीलदाराला, वैद्याला, वाटेत भेटलेल्या अनोळखी यात्रेकरूला. ज्या चुलतभावाशी त्यांचा सरदारपूरच्या शेतावरून दावा चालू होता, त्यालाही कचेरीच्या पायऱ्यांवर म्हणत. तोही 'येतो की' म्हणे. त्यांच्या साऱ्या हयातीत या वाक्याने कोणी घरी आलं नव्हतं. तो त्या वाक्याचा हेतूच नव्हता.

गुरुवारी पिंगळेसाहेबाने विचारलं, "कधी येऊ?"

मोरोपंत गडबडले. असा प्रश्न त्यांना आजवर कोणी केला नव्हता. पण घराण्याची रीत सुटते थोडीच. ते म्हणाले, "केव्हाही या. घर आपलंच आहे."

त्याच दिवशी थोरले साहेब सरदारपूरकडे दौऱ्यावर गेले.

पंतांच्या घरी त्या आठवड्यात दुसरीच धांदल होती. लेकीला, इंदूला, तेरावं सरलं होतं आणि आळीतल्या बायका तिच्या आईला, जानकीबाईंना, भेटल्या की आधी इंदूकडे आणि मग आभाळाकडे बघत. शेवटी देवासच्या थोरल्या पातीच्या दप्तरातले नारायणराव मुलासाठी तिला बघायला यायला तयार झाले. देवासला दोन पाती, दोन राजे, रस्त्याच्या या अंगाला एक राज्य आणि त्या अंगाला दुसरं. त्यामुळे तिथल्या कारकुनालासुद्धा परराष्ट्र खात्यात असल्यासारखी ऐट असते. पण मुलगा चांगला होता. हे जमलं नाही तर पुढचं स्थळ बिजवराचं होतं. नेमावरचा मनुष्य, मिशा पिकलेल्या, पहिल्या बायकोची तीन मुलं. ते जानकीबाईंनी बोलून दाखवलं नव्हतं. फक्त रोज पहाटे तुळशीपुढे जास्त वेळ बसत होत्या.

शनिवारी पाहुणे आले. नारायणराव, त्यांचे मेहुणे आणि एक वडीलधारे. मुलगी पाहिली, पसंत दिसली. "हात चांगला आहे हो पोरीचा," पुरणपोळी मोडत नारायणराव म्हणाले. जानकीबाईंनी स्वयंपाकघरातून ऐकलं आणि पदराने डोळे पुसले. ओसरीवर सोवळ्याची पंगत बसली होती. मोरोपंत स्वतः तूप वाढत होते आणि त्यांचा पाट नारायणरावांच्या शेजारी रिकामा होता.

तेवढ्यात अंगणात पाणी वाजलं. कोणीतरी पाय धूत होतं.

पिंगळेसाहेबाने जोडे दाराबाहेर काढले होते. पाय घोट्यापर्यंत स्वच्छ धुतले होते. तो ओसरीवर आला, हात जोडून सगळ्यांना "नमस्कार मंडळी" म्हणाला, रिकामा पाट पाहिला आणि शिकवल्याप्रमाणे उजवा पाय आधी दुमडून त्यावर बसला. त्याचा गुडघा नारायणरावांच्या गुडघ्याला लागला.

मोरोपंतांच्या मनात जो पहिला विचार आला, त्याची त्यांना पुढे फार लाज वाटली. तो विचार असा, की उच्चार स्वच्छ होता.

नारायणरावांचा हात पानावर थांबला. दरबारच्या कामासाठी इंदूरच्या एजन्सीत गोऱ्यांपुढे कमरेत वाकण्यात त्यांची उमर गेली होती. ते हसले, अर्धवट वाकले आणि इंग्रजीत "गुड डे, सर" म्हणाले. मग उठले. मेहुणे उठले. वडीलधारे उठले. तिघांच्याही पोळ्या तोवर संपत आल्या होत्या, पण धर्म वेळ बघून बुडत नाही.

"नारायणराव, अहो ऐका तरी, हे आमचे... मी यांना..." मोरोपंतांच्या हातातलं तूप त्यांच्याच पायावर सांडत होतं.

"तुम्हीच बोलावलंत म्हणतात ना हे?" मेहुणे म्हणाले. साहेब तोवर उभा राहून, लाल होऊन, "पंडितजी म्हणाले, केव्हाही या" असं शुद्ध मराठीत सांगत होता.

"छे छे, रागवायचं काय त्यात," नारायणराव हात धूत म्हणाले. "मुलगी छानच आहे. आम्ही कळवतो."

बाहेर दमणी जुंपली गेली. भिंतीवरून कृष्णाजी ओरडले, "क्या भिया पंत, पाद्री पंगतीला? पुढच्या शनिवारी गाय कापणार का?"

आत इंदूने दाखवायला म्हणून नेसलेलं लुगडं सोडून घडी घातली. कोणी काही सांगितलं नव्हतं तिला.

सोमवारी मोरोपंत चटई घेऊन बंगल्यावर गेले. प्रायश्चित्त आळीने ठरवायचं होतं, आणि तोवर घरात भात शिजायचा होता. थोरले साहेब दौऱ्यावरून परतले होते, त्यांना सगळं कळलं होतं. त्यांचं नव्या साहेबाला रागावून झालं होतं. तरी काल प्रार्थनेत एका घराचं दार उघडल्याबद्दल त्यांनी देवाचे आभार मानले, असं खानसाम्याने पंतांना फाटकातच सांगितलं.

"पंडितजी, प्रभू की इच्छा," थोरले साहेब हळुवारपणे म्हणाले.

"असेल," मोरोपंत म्हणाले. "मुहूर्त मात्र माझा होता."

"बेटी को हमारे स्कूल में भेजिए. आपके लोग छोड़ दें, तो हम हैं."

साहेबांच्या डोळ्यांत खरी कणव होती. पिकलेल्या आंब्याखाली उभ्या राहिलेल्या माणसाची असते तशी. मोरोपंतांनी चटई पसरली.

पिंगळेसाहेब रात्री झोपला नसावा. "मी चुकलो," तो म्हणाला. "आमच्या गावात 'या' म्हटलं की जातात. नाही गेलं तर रागावतात."

"तुमचं गाव लहान असेल," मोरोपंत म्हणाले.

"ते गृहस्थ 'कळवतो' म्हणाले. म्हणजे कळवतील ना?"

पंतांनी मान वर केली. त्या वाक्याचं कूळ, मूळ आणि किंमत त्यांच्याइतकी धारेत कोणाला ठाऊक नव्हती. स्वतः त्यांनी किती जणांना 'कळवतो' म्हणून दारातून वाटेला लावलं होतं.

"कळवतील," ते म्हणाले. "पत्र येईल. 'ळ' परत म्हणा, जीभ मागे."

पौष लागला. नारायणरावांच्या मुलाचं कन्नौदच्या मुलीशी ठरल्याचं कृष्णाजींनी भिंतीवरून सांगितलं. लोक काय वाटेल ते बोलतात, मोरोपंत म्हणाले. बंगल्यावरून येताना ते आता टपालकचेरीवरून येत. विटाळलेले, म्हणून पायरीखालीच उभे राहत.

"आज भी नहीं, पंत," आतून डाकमुन्शी तुकाराम म्हणे. "या उद्या."

आणि मोरोपंत दुसऱ्या दिवशी जात.