एवारिस्तोच्या दीर्घायुष्याचं गुपित

"तो गॅस आधी मागं न्या," फॅबिओला म्हणाली. "आणि ही प्लास्टिकची खुर्चीसुद्धा. निसर्गाच्या सान्निध्यात प्लास्टिक कसं दिसेल, ताई?"

"कसं दिसंल? खुर्चीसारखं दिसंल," अदिलिया म्हणाली.

पण ऐकतं कोण? बाईबरोबर आलेला दाढीवाला कॅमेरावाला गॅसची शेगडी उचलून मागच्या पडवीत घेऊन गेलासुद्धा. वर त्यानं मक्याचं रिकामं पोतं टाकलं, मढं झाकावं तसं. अदिलियाचे गुडघे गेले होते. चुलीपुढं बसलं की उठताना भिंतीला धरावं लागे. किती वर्षं डोकं आपटलं, तेव्हा कुठं ती शेगडी घरात आली होती.

"आता चूल पेटवा ना ताई. धूर थोडा जास्त येऊ द्या. छान दिसतो."

"डोळ्यात गेला म्हंजी आनखी छान दिसतो," असं पुटपुटत अदिलिया भिंतीला धरून खाली बसली.

निकोया द्वीपकल्पाच्या उन्हाळ्यात पोसो सेको गावाला वाऱ्याशिवाय दुसरं काही येत नाही. ओढा कोरडा, नळ कोरडा, आणि धूळ अशी की भाकर तव्यावरून तोंडात जाईपर्यंत दाताखाली कचकच लागावी. त्या दिवसांत ही फॅबिओला राजधानीतून जीप घेऊन उगवली होती. ती म्हणे लोकांना साधं जगायला शिकवायची. परदेशातली दमलेली, श्रीमंत माणसं तिच्याकडं यायची आणि ती त्यांना श्वास घ्यायला शिकवायची. अदिलियाला हे कळलं तेव्हा तिनं विचारलं होतं, "आन् तोवर ती कशी जित्ती ऱ्हाईली?"

पोसो सेकोत पंच्याण्णवी ओलांडलेला एक म्हातारा काठीशिवाय चालतो, असं कुणीतरी तिच्या कानावर घातलं होतं. तो म्हातारा म्हणजे एवारिस्तो, अदिलियाचा सासरा. अदिलियाचा नवरा रुफिनो दुसरी बाई घेऊन पुंतारेनासला निघून गेला, त्याला आता जमाना झाला. जाताना त्यानं चांगल्यातला कंदील नेला, नवं खोगीर नेलं आणि बाप मागं ठेवला.

पहिल्याच दिवशी फॅबिओला म्हाताऱ्याच्या पायाशी मांडी घालून बसली. "आजोबा, तुमच्या दीर्घायुष्याचं गुपित काय?"

एवारिस्तोनं मान खाजवली. आजवर त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. त्यानं आढ्याकडं बघितलं आणि बिशपासारखा आवाज काढला. "पाटंचं उटायचं. हातानं काम करायचं. मातीतलं खायाचं. आन् मान्सात ऱ्हायाचं."

मागं मका सोलत बसलेली अदिलिया थुंकणारच होती.

पहाटे उठायची ती. राखेच्या पाण्यात शिजवलेला मका धुवायची, वाटायची, हातावर थापायची, विहिरीचं पाणी आणायची. तोवर म्हातारा टांगलेल्या झोळीत घोरत असायचा. कॉफीचा वास नाकात गेला की एक डोळा उघडायचा. गूळ कमी पडला तर दुसराही. काळ्या घेवड्यात मीठ जास्त झालं तर ताट ढकलायचा. ते ताट उचलून मोरीत ठेवणं त्याला जन्मात ठाऊक नव्हतं. काठीशिवाय चालायचा हे खरं. पण ते घरातून झाडाच्या सावलीपर्यंत आणि सावलीतून घरापर्यंत.

आणि माणसात राहणं! त्याचा सख्खा धाकटा भाऊ क्रिसांतो ओढ्याच्या पलीकडं राहत होता. हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर. हाक मात्र कुणीच मारली नव्हती. बाप मेला तेव्हा मागं बैलांची एक जोडी राहिली. वाटणीत एकेक बैल आला. हा म्हणाला तुझा मला दे, तो म्हणाला तुझा मला दे. दोघंही हटले नाहीत. एकट्या बैलाला नांगर ओढवत नाही, म्हणून दोघांची रानं पडून राहिली आणि दोन्ही बैल दोन दावणींना बसून खाऊन म्हातारे होऊन मेले. बैल गेले तरी अबोला राहिला. चर्चमध्ये मिसेला गेले तर एक उजव्या बाजूला बसे, दुसरा डाव्या. मधे ख्रिस्त होता, तो बिचारा काय करणार?

फॅबिओलाला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिनं म्हाताऱ्याच्या हातात कुऱ्हाड दिली, त्याचा फोटो काढला. त्याच्या मांडीवर कोंबडी दिली, त्याचाही काढला. कोंबडीनं विजारीवर घाण केली. ती विजार धुवायची अदिलियालाच होती.

"ताई, तुम्ही जरा बाजूला व्हाल? तुमची सावली पडतेय."

"पडंल की. उन्हात हुबी हाय न्हवं."

मग कुठून तरी बाईला भावाचा पत्ता लागला. तिचे डोळे पाण्यानं भरले. दोन भाऊ, दोघं नव्वदीपुढचे! मानवी नातं हाच तर खरा औषधाचा झरा, असं काहीबाही ती कॅमेऱ्यात बघून बोलली आणि जीप घेऊन ओढ्यापलीकडं गेली. अदिलियानं सांगून बघितलं. "त्येंचं बोलनं न्हाई बाई. उगा हात घालू नका."

"प्रेमानं सगळं होतं, ताई."

क्रिसांतोला जीपमध्ये बसायची हौस होती, म्हणून तो आला. कुठं नेतायत हे त्यानं विचारलंच नव्हतं. थोरल्याचं अंगण दिसल्यावर त्याचं तोंड कारल्यासारखं झालं. पण उतरायला दार कसं उघडायचं ते त्याला सापडेना, आणि कॅमेरावाल्यानं उघडलं तेव्हा त्याला धरून बाकावर बसवलंसुद्धा. बाकाच्या एका टोकाला हा, दुसऱ्या टोकाला तो. दोघं दोन दिशांना बघत.

"अदिलिया," एवारिस्तो म्हणाला, "त्येला इचार, कशाला आलाय."

"अदिलिया," क्रिसांतो म्हणाला, "त्येला सांग, आनलाय मला. माज्या पायानं मी असल्या घरात येत न्हाई."

"त्येला सांग, पाय हायेत का अजून? मला वाटलं, किड्यांनी खाल्लं."

"तुमचं तुमी सांगा," अदिलिया म्हणाली. "माजा तवा करपतोय."

फॅबिओला दोघांच्या मधोमध गुडघ्यावर बसली. तिनं एकाचा हात उचलून दुसऱ्याच्या हातात दिला. म्हाताऱ्यांना राग यायलाही वेळ मिळाला नाही. "आता डोळे मिटा. खोल श्वास घ्या. पोटात भरून घ्या. आणि सोडताना म्हणा, मी तुझा ऋणी आहे." आणि कसं करायचं ते तिनं स्वतः करून दाखवलं. नाकपुड्या फुगवल्या, छाती भरली, आणि हूऽऽऽ असा आवाज काढला.

 ग्वानाकास्तेच्या झाडाची एक वाळकी शेंग टपकन पडली.

एवारिस्तोनं एक डोळा उघडला. बाईकडं बघितलं. मग शेजारी बघितलं. तिकडंही एक डोळा उघडाच होता.

"काय झालं रं हिला?" एवारिस्तो हळूच म्हणाला.

क्रिसांतोनं बाईला नीट न्याहाळून घेतलं. बापाला पुरल्यापासून पहिल्यांदाच भावाला उत्तर द्यायचं होतं. "आपली तांबडी गाय आटवतीया का?" तो म्हणाला. "हिरवा मका खाल्लीती ती. मराय टेकली तवा अशीच करत हुती."

"पोटाला भोक पाडलं बानं, तवा वाचली."

"मग हिलाबी पाड की. कुराड हाय न्हवं हितं?"

एवारिस्तोच्या नाकातून आधी नुसता फुर्र असा आवाज आला. मग त्याचे खांदे हलायला लागले. क्रिसांतोला ठसका लागला. दोघं असे हसले, असे हसले, की एकमेकांचा हात सोडायचं विसरले आणि त्याच हातानं एकमेकांच्या मांड्या बडवायला लागले. फॅबिओलानं डोळे उघडले, दोन्ही भावांच्या गालावरचं पाणी बघितलं आणि तीही रडायला लागली. कॅमेरावाला रडत रडत फोटो काढत होता.

अदिलिया दारात उभी होती. सासऱ्याला हसताना तिनं कधी बघितलं नव्हतं. त्याच्या तोंडात वरचे दात अजिबात नाहीत, हे तिला तेव्हा कळलं.  मग घेवडा लागल्याचा वास आला आणि ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी उन्हं अंगणात यायच्या आधी क्रिसांतो काठी टेकत ओढा उतरून आला. बाकावर बसला आणि म्हणाला, "अदिलिया, कॉफी हाय का?" तिसऱ्या दिवशीही आला. मग तो जेवूनच जायला लागला. फॅबिओलानं लोकांना सांगितलं असेल की भाऊ भावाला भेटला. अदिलियाच्या लेखी एकाचे दोन म्हातारे झाले, बाकी काही झालं नाही. दोघं सकाळपासून बसून जगाची निंदा करायचे. धर्मगुरूची, सरपंचाची, मेलेल्या बायकांची, आणि सगळ्यात जास्त त्या फॅबिओलाची. तिच्यासारखा श्वास घेऊन दाखवायची शर्यत लागायची. अदिलियालाही आत बसल्या बसल्या हसू यायचं. पण हसून मका वाटला जात नाही.

मग एक दिवस बस आली. आतून पांढऱ्या कपड्यांतली माणसं उतरली, गोरी, उंच, आणि अनवाणी. मातीशी नातं जोडायचं म्हणून चपला बसमध्येच ठेवलेल्या. पण माती तापली होती. ती नातं जोडायच्या आधीच चटके द्यायला लागली, तशी ती सगळी माणसं तापल्या तव्यावरच्या दाण्यांसारखी उड्या मारत सावलीकडं पळाली. बाकावरून दोघा म्हाताऱ्यांनी हे बघितलं आणि त्यांना तो दिवस सार्थकी लागल्यासारखं वाटलं.

फॅबिओला आत आली. "ताई, आज यांना तुमच्या हातच्या भाकरी. चुलीवरच्याच हं. आठवडाभर आहेत ही सगळी. पुढच्या महिन्यात दुसरी तुकडी येईल. तुमचं घर आता आमचं केंद्रच समजा."

अदिलियाच्या हातात ओला मका होता. तिनं दाराबाहेर बघितलं. एवढी तोंडं. एवढ्यांच्या भाकरी, एवढ्यांचं पाणी, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा. तिचे गुडघे ते ऐकूनच ठणकायला लागले.

"ही मान्सं कशाला आल्यात म्हनलासा?"

"साधं जगणं शिकायला, ताई. आपल्या हातानं, निसर्गाच्या तालावर."

"मग शिकू द्या की."

तिनं हात धुतले. मका तसाच पाट्यावर ठेवला. आतून एक कापडी झोळी काढली, तीत दोन झगे कोंबले, वर चपला टाकल्या आणि गाठ मारली. फॅबिओला बघत राहिली.

"ही चूल. ती विहीर. घागर त्या कोपऱ्यात. लाकडं फोडायची हायेत. आन् ही दोन मान्सं. मोटा रोज आंगूळ करतो म्हनतो पन करत न्हाई, त्येला धरून घालाय लागती."

"अहो ताई, पण तुम्ही कुठं—"

"समुद्रावर."

एवारिस्तो बाकावरून अर्धा उठला. "कुटं निगालीस गं? आन् माजी कॉफी?"

"मान्सात ऱ्हावा, मामंजी," अदिलिया म्हणाली. "बगा की, किती आल्यात."

समुद्रकाठचं समारा बसनं फार लांब नाही. तिथं तिची बहीण लुझमिला केळ्याचे काप तळून विकायची आणि दर नाताळाला ये म्हणून निरोप धाडायची. अदिलिया कधी गेली नव्हती. म्हाताऱ्याला कुणावर टाकणार, हा प्रश्न सुटला नव्हता. आता बसभर माणसं मिळाली होती.

तिथं ती उन्हं वर येईपर्यंत झोपली. तळलेला मासा खाल्ला, बाटलीतलं थंडगार लाल सरबत प्यायली, आणि दुपारभर बहिणीच्या खाटेवर लोळत टीव्हीवर एकमेकींच्या नवऱ्यांना पळवणाऱ्या बायका बघितल्या. "रुफिनोवालीपेक्षा ही बरी दिसती," लुझमिला म्हणाली, आणि दोघी पोट धरून हसल्या. संध्याकाळी दोघी झग्यांसकट पाण्यात जाऊन बसल्या. लाट आली की एकमेकींच्या दंडाला धरायच्या आणि पोरींसारख्या किंचाळायच्या.

"ह्येला काय म्हनत आसंल गं ती बाई?" अदिलियानं विचारलं.

"कशाला?"

"ह्येला. आपुन बसलोय त्येला."

"रिकामपना म्हनत्यात ह्येला," लुझमिला म्हणाली. "तुला कवा ठावं असनार?"

आठवडा संपला तशी अदिलिया परत निघाली. बसमध्ये तिनं मनाची तयारी केली. घागर फुटली असणार. कोंबड्या मेल्या असणार. म्हातारा उपाशी, शिव्या घालत बसला असणार. गोरे लोक तर दुसऱ्याच दिवशी पळाले असणार.

अंगणात आली आणि जागीच थांबली. अंगण झाडलेलं. लाकडं फोडून रचलेली. एक लठ्ठ लालबुंद बाई विहिरीवरून घागर घेऊन येत होती, ओठ थरथरत होते, चेहरा देव भेटल्यासारखा. आणि मोरीच्या दगडावर एवारिस्तो उघडा बसला होता. एक दांडगा गोरा बाप्या त्याला आंघोळ घालत होता. त्याला भाषा येत नव्हती, तरी म्हातारा ओरडत होता, "पाट! पाट घास, गाढवा! वर! आनखी वर!" आणि बाकावरून क्रिसांतो सांगत होता, "कानामागं ऱ्हायलं बघ. तितं कायम मळ ऱ्हातो त्येच्या. ल्हानपनापासनं."

फॅबिओला धावत आली. तिनं अदिलियाचे दोन्ही हात धरले. "ताई, काय सांगू! असा अनुभव यांना कधीच आला नव्हता. पाणी भरताना माणसं रडली. आजोबांना भरवायला तर रांग लागते. आता पुढची तुकडी आधीच येतेय, उद्याच. ताई, रागावू नका, पण एक विनंती होती." ती अवघडली. "तुम्ही नसलात ना, तर बरं पडेल. तुम्ही घरात असलात की सगळं तुम्हीच करून टाकाल. आमच्या लोकांना करायला काही उरणार नाही."

अदिलियानं तिच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "फुकाट करत्यात ह्ये सगळं?"

"छे हो, फुकट कसं! त्यासाठी पैसे भरून येतात."

अदिलियाच्या तोंडाला आलेला शब्द फार वाईट होता. तिनं तो गिळला. समाराला परत जाणारी तिची बस वळणावर अजून उभी होती, ड्रायव्हर झाडाआड गेला होता. ती आल्या पावली माघारी वळली.

चार पावलं गेल्यावर तिला आठवलं. "आन् ऐका," ती ओरडली, "मामंजींच्या पायाची नखं कापायची ऱ्हायल्यात. पार दगड झाल्यात. आदी कोमट पान्यात भिजवाय लागतील."

फॅबिओलानं ते मोठ्यानं सगळ्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं.  मग अदिलियाला पाठीमागून टाळ्यांचा कडकडाट ऐकू आला, आणि त्यांचं मन बदलायच्या आत बस गाठावी म्हणून तिनं पाय उचलला.