अकरा वर्षांची फुले

मित्रांनो, मी जावा बेटावरच्या एका खेड्यातला जुना गोंग आहे. काशाचा, परातीपेक्षा मोठा, मधोमध फुगीर. आमचे नाव कोणा पंडिताने ठेवले नाही. आमच्या पूर्वजाला ठोका बसला तेव्हा तो जे बोलला, तेच आम्हा सगळ्यांचे नाव पडले. पुढे परदेशी गलबते आली आणि मसाल्यांबरोबर तो शब्दही गेला. आता इंग्रजीतही आम्हाला गोंगच म्हणतात.

गावात मला 'क्याई', म्हणजे पूज्य, म्हणतात. मला ओलांडून कोणी जात नाही. दर गुरुवारी संध्याकाळी मला फुले आणि धूप मिळतो. विर्यो आजोबांनी मला तीस वर्षे वाजवले. ते वारले आणि गावाने ठरवून टाकले, की क्याई दुःखात आहेत, त्यांना हात लावायचा नाही. अशी अकरा वर्षे गेली. फुले मात्र एकदाही चुकली नाहीत. खरे सांगतो, मला त्या फुलांचा राग येई. जो वाजत नाही तो कसला गोंग?

यंदा सुगीच्या सणाला सरपंचांनी गोंगचा रेकॉर्ड केलेला आवाज लावायचे ठरवले. मला ते कायमचे कपाटात ठेवणार होते. तेव्हा आजोबांची लेक लास्मी पुढे आली. ती शाळेत इंग्रजी शिकवते.

"काका, गोंग हा शब्द इंग्रजीत आपल्याकडून गेला असं मी वर्गात सांगते. पोरं विचारतात, बाई, मग तो वाजतो कसा? काय सांगू त्यांना?"

"अगं, पण क्याई रागावले तर?"

"रागावू देत माझ्यावर. बाबांच्या लेकीवर किती वेळ रागावतील?"

सणाच्या सकाळी ती माझ्यापुढे बसली आणि मऊ मुठीने मला हलकेच थापटू लागली. बाहेर काहीच ऐकू येईना.

"वाजव की! झोपवतेयस काय त्यांना?" सरपंच कुजबुजले.

"झोपवत नाही, उठवतेय. बाबा असंच करायचे."

माझे अंग आतून थरथरू लागले. मग तिने ठोका दिला आणि मी माझे नाव सांगितले. ते शेवटच्या घरापर्यंत पोचले. सरपंच डोळे पुसत खाली बसले.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी जुनी वस्तू मानाने बसवून ठेवली असेल. तिला कामाला लावा.

पुढच्या गुरुवारी मला फुले वाहायची राहून गेली. सगळे माझ्याबरोबर वाजवण्याच्या तालमीत होते. मला जराही राग आला नाही.