कपाटातलं मीठ

प्रॅक्टिकलच्या दिवशी मुलांनी जर्नल आणायचं आणि मुलींनी जर्नलसोबत पोळपाट-लाटणंही, असं त्या कॉलेजात कुठं लिहिलेलं नव्हतं. तरी कोणी विसरत नसे. मेडशीहून आलेल्या एसटीतून उतरताना रूपालीच्या काखेत पोळपाट होता आणि रत्नमालाच्या पिशवीत वांगी.

"परीक्षा आपली हाये का वांग्याची?" रत्नमाला म्हणाली. "वांगे पास झाले का आपुन पास."

रूपाली हसली, पण तिचं लक्ष जर्नलात होतं. बारावी सायन्सला प्रात्यक्षिकाचे तीस गुण, आणि सही झालेलं जर्नल नसेल तर परीक्षेलाच बसता येत नाही, हा बोर्डाचा नियम. नियम चांगलाच होता. मुलांनी हातानं करून शिकावं म्हणूनच तो केलेला. रूपालीचं जर्नल वर्गात सगळ्यांत देखणं होतं. ब्युरेटची, म्हणजे द्रावण थेंबाथेंबानं सोडायच्या काचनळीची, आकृती तिनं इतकी सुबक काढली होती, की सरांनी ती इतरांना दाखवली होती. खऱ्या ब्युरेटला मात्र तिचा हात कधी लागला नव्हता. रीडिंग मागच्या बॅचच्या जर्नलातून उतरवलेली. द्रावण गुलाबी होतं म्हणतात, तो गुलाबी नेमका कसा, हे तिला फार पाहायचं होतं. प्रयोगशाळा वर्षभर कुलपात असे आणि उघडायची ती बाहेरून येणाऱ्या परीक्षकांच्या जेवणासाठी. गॅसची शेगडी तिथंच होती ना.

तिथल्या कपाटाची एक गंमत होती. मागं कधीतरी शिपायानं रिकाम्या बाटल्या धुऊन त्यांत स्वयंपाकाचं सामान भरलं होतं. अमोनियम क्लोराइडच्या बाटलीत साखर, बेरियम क्लोराइडच्या बाटलीत मीठ. अकरावीत वरच्या वर्गाच्या मुलींना मदत करताना रूपालीला हे तोंडपाठ झालं होतं. त्या दोन वर्षांत रसायनशास्त्रातलं तेवढंच ती या खोलीत शिकली.

यंदा तपासणी येणार म्हणून रसायनांची नवी खोकी आली होती. शिपायानं ती फोडून, वापरातल्या दिसाव्यात म्हणून सील काढून, बाटल्या कपाटात पुढं मांडल्या आणि पोरांना रीडिंग वाटायला निघून गेला.

वांग्याच्या भाजीला उकळी आली तेव्हा रत्नमालानं मीठ मागितलं. रूपालीनं लेबल वाचलं, नीट वाचलं, आणि पुढची बाटली नेऊन दिली. भाजी चाखायचं काम रत्नमालाचं. चव बसेना म्हणून तिनं पुन्हा मीठ घातलं, पुन्हा चाखली. "काहीतरी कडूशार लागून राह्यलं व," ती म्हणाली, आणि वांग्यांना नावं ठेवली.

परीक्षकांचं ताट वाढायच्या आधीच ती ओकू लागली. मग हात जड झाले, ओठ बधिर झाले. जीपमध्ये घालताना तिला मानही धरवत नव्हती. भाजी कोणीतरी मागच्या नालीत ओतून दिली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, पोरीनं काय खाल्लं. बरोबर गेलेल्या प्राचार्यांनी क्षणभर विचार केला आणि सांगितलं, की घरून आणलेला डबा. डॉक्टर शिळ्या अन्नाच्या विषबाधेचा उपचार करत राहिले. सकाळी रत्नमाला गेली.

त्या दिवशी रूपाली पोळपाट आणायला प्रयोगशाळेत गेली. कपाट उघडंच होतं. एकाच नावाच्या दोन बाटल्या, एक पुढं, एक मागं. मागच्या बाटलीत ओलसर, गोळे झालेलं मीठ. पुढची कोरी, सील फोडलेली, आत खरं बेरियम क्लोराइड, म्हणजे विष. आपण कोणती बाटली नेऊन दिली, ते तिला कळलं. पोळपाट तसाच राहिला.

गावात दुसरंच शिजू लागलं. कोणी म्हणे, रत्नमालाच्या आईनं, चंदाबाईनं, शिळं बांधून दिलं. कोणी आवाज खाली करून म्हणे, पोरीचं कुठं काही असंन, मायनंच निस्तरलं. चंदाबाई ओसरीवर पोरीचा डबा मांडीवर घेऊन बसे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारी, "तेलात काही होतं का वं? मले तं काही वास नाई आला."

चौकशी बसली. आदल्या दिवशी प्राचार्यांनी मुलांना आणि पालकांना बोलावून समजावलं. स्वयंपाकाचा शब्द निघाला तर सगळ्या बॅचचं प्रात्यक्षिक रद्द होईल, साऱ्यांचं वर्ष जाईल. पालकांनी माना डोलावल्या.

घरी रूपालीनं बापाला, भागवतला, बाटलीचं सांगितलं. नर्सिंगला जायचं तिनं कधीचं ठरवलं होतं आणि नापास झाली तर केनवडचं स्थळ होतंच, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"गेलेली पोरगी काही वापस येत नाई," तो शेवटी म्हणाला. "तू कायले आपलं नुकसान करतं?"

"बाबा, मंग चंदामावशीनं जन्मभर तो डबाच हुंगत बसाचं का?"

भागवत उठून गोठ्याकडे गेला.

चौकशी प्रयोगशाळेतच होती. कपाट पुसून रिकामं केलेलं, टेबलावर ब्युरेट धुऊन उभं. बाहेर व्हरांड्यात चंदाबाई बसली होती. रूपाली आत आली, पण दार तिनं लोटलं नाही. अधिकाऱ्यांनी विचारलं, डबा घरचा होता ना. रूपालीनं नाही म्हटलं आणि शेगडी, दोन बाटल्या, आपला हात, सगळं क्रमानं सांगितलं. आवाज मोठा ठेवला, बाहेर ऐकू जावा म्हणून.

"बाळ, विचार करून बोल," अधिकारी म्हणाले. "हे मी लिहून घेतलं, तर तुझंच प्रॅक्टिकल रद्द होईल."

"मी प्रॅक्टिकल केलंच नाई, सर. रद्द काय होईन?"

प्राचार्य खाकरले. अधिकाऱ्यांनी मान वर केली आणि तिला प्रथमच नीट पाहिलं. रूपालीनं त्यांना आत येतानाच ओळखलं होतं.

"गेल्या वर्षी परीक्षक तुमीच आलते," ती म्हणाली. "इथंच जेवले. भाजी अळणी हाये म्हणून वरून मीठ मागतलं होतं तुमी. मीच आणून देल्लं, याच कपाटातून. त्या वक्ताले मागं-पुढं दोन बाटल्या नोयत्या, म्हणून तुमी आज इथं बसून हाये."

बाहेर चंदाबाईच्या मांडीवरचा डबा फरशीवर पडला. ती उठली आणि उघड्या दारातून आत आली.

"लिहा," ती म्हणाली. अधिकाऱ्यांचा पेन कागदावर टेकलेला होता. चंदाबाई तो हलण्याची वाट पाहत त्यांच्या समोर उभी राहिली.