एका झाडाचं तळं

"कोयता चालवू नका! तुटेल तेवढं वाढेल ते! मुळासकट उपटा, काठावर टाका!" तळं साफ करायला उतरलेल्या गावकऱ्यांवर सून ओरडत होती. कडेवर चार वर्षांची पोर, घसा पार बसलेला.

गुडघाभर चिखलातला सुतार हसला. "वहिनी, दोन वर्षांमागं तुम्हीच म्हणालात, वाढणार नाही. दुधानं तोंड पोळलंय आमचं, आता तुमचं ताकही फुंकूनच पिणार."

सगळे फिदीफिदी हसले. तिचा सासरा तेवढा तळ्याकडं बघत होता. याच तळ्यात जाळं टाकून त्यानं जन्मभर घर चालवलं होतं.

दोन वर्षांमागं एकच रोप होतं, जांभळ्या फुलाचं. कुंडीत मावेना. फेकायचं म्हटलं तर पोरीनं आकांत मांडला, म्हणून सुनेनं ते तळ्यात सोडलं.

"परक्या मुलखातलं झाड ते. पसरणार नाही ना?" सासऱ्यानं विचारलं होतं.

"नाही हो, मामंजी. एकटंच आहे. जोडीचं झाड नसेल तर बी धरत नाही. बीच नाही तर पसरेल कशानं?"

म्हातारा गावभर सांगत सुटला, सूनबाई शिकलेली आहे, उगाच बोलायची नाही.

आणि बी खरंच धरलं नाही. तिनं बोंडं फोडफोडून पाहिली. पण झाडानं बियांची वाटच पाहिली नाही. आडवा फुटवा काढला, फुटव्याला रोप, रोपाला पुन्हा फुटवा. तळं झाकत आलं.

त्या दिवशी कोयते उन्हं कलेपर्यंत चालले. नावेपुरती वाट झाली. तुटके गड्डे वाऱ्यानं चहूकडं पांगले आणि जिथं टेकले तिथं फुटले. महिन्यात वाट बुजली. मग एका सकाळी पानांच्या फटीफटीत मासे पोट वर करून अडकलेले दिसले. वास चुलीपर्यंत आला.

सासऱ्यानं नाव ओढून काठावर घेतली. पोर मागं मागं होती.

"आजोबा, ही सगळी माझ्या फुलाची पिल्लं?"

"पिल्लं नाहीत, बाळा," सून म्हणाली. "तेच झाड आहे. सगळं तळं म्हणजे तेच एक."

म्हाताऱ्याचे हात थांबले. "एकाच रक्ताचं सगळं? म्हणजे एक रोग पडला तर झाडून सारं मरेल?"

"मरेल. तग धरायला त्यात वेगळं कुणी नाहीच."

"कधी पडेल?"

पुन्हा एक ठाम उत्तर तिच्या ओठाशी आलं होतं. तिनं गिळलं.

"माहीत नाही, मामंजी."

"हं." त्यानं नाव पालथी घातली, तळावरून एकदा हात फिरवला. "हे 'माहीत नाही' तेव्हा म्हणाली असतीस, बाई."