रंगबाईंची खोली

"पुन्हा एकदा लावून बघा ना, मामा. मी सायकलवरून उन्हातून आलेय."

शिपाईमामांनी तापमापक पुन्हा मुलीच्या कपाळासमोर धरलं. तिला सावलीत बसवून झालं होतं, पाणी पाजून झालं होतं. ताप होताच. मागची रांग न सांगता एक पाऊल मागे सरकली.

दोनदा पुढे ढकललेली शालान्त परीक्षा अखेर आज सुरू होत होती. ताप असलेल्यांसाठी चित्रकलेची खोली वेगळी ठेवली होती. पण तिथे पर्यवेक्षक म्हणून कोण बसणार, असा विषय निघाला तेव्हा सगळे शिक्षक एकमेकांच्या मास्ककडे बघत बसले होते. कुणाच्या घरी तान्हं मूल, कुणाला दमा.

"खोली माझीच आहे. मी बसते," चित्रकलेच्या बाई म्हणाल्या होत्या. मुलं त्यांना रंगबाई म्हणत.

मुख्याध्यापक अवघडले. "बाई, घरी तुमच्या सासूबाई आहेत. त्यात यंदा तुमच्याकडे आधीच..."

रंगबाईंचे पती साथीच्या सुरुवातीलाच गेले होते.

"आईंना विचारून आलेय, सर. मी बाहेरच्या खोलीत राहीन."

आता त्या खोलीत दोघीच होत्या. खिडक्या सताड उघड्या. मुलगी खिडकीशी, बाई पार दाराजवळ.

"गणितातलं मला काही विचारू नकोस हं," रंगबाई म्हणाल्या. "मला वर्तुळ झकास काढता येतं. क्षेत्रफळाचं नाव काढलं की घाम फुटतो."

मुलगी हसली की नाही, मास्कमुळे कळलं नाही. ती भराभरा लिहू लागली. मग मध्येच तिने पेन खाली ठेवलं.

"अवघड आहे का गं?"

"नाही. सगळं येतंय." ती प्रश्नपत्रिकेकडेच बघत होती. "आईने करून घेतलं होतं सगळं. परीक्षा वेळेवर झाली असती तर आई होती, बाई."

रंगबाई उठल्या. एरवी त्यांनी पाठीवरून हात फिरवला असता. दोन पावलं टाकून त्या थांबल्या.

"शेवटी तिचा चेहरा पण दिसला नाही," मुलगी म्हणाली. "आता बाबाही घरात मास्क लावून असतात. रडतात की काय, तेही कळत नाही."

रंगबाई बाहेर अंगणात गेल्या. खिडकीसमोर, पण चांगल्या लांब, मोकळ्यावर उभ्या राहिल्या आणि त्यांनी मास्क काढला. गालांवर दोऱ्यांचे वळ होते, नाक लाल झालं होतं, डोळे भरलेले.

"बघ, अशी दिसते मी. यंदा जरा म्हातारी झालेय."

"नाही हो, बाई."

"आमचे हे गेले, तेव्हा मलाही चेहरा दिसला नव्हता."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काहीच नाही. नुसती बसून राहिले. मग एकदा सासूबाई म्हणाल्या, भूक लागलीय गं. उठले, स्वयंपाकाला लागले."

मुलगी बराच वेळ त्या उघड्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग बाहीने डोळे पुसून तिने पेन उचललं. रंगबाई मास्क लावून आत आल्या आणि आपल्या खुर्चीत बसल्या.

तपासणीत मुलीला साथीचाच आजार निघाला, पण सौम्य. उरलेले पेपरही तिने त्याच खोलीत, त्याच बाईंसमोर दिले. रंगबाईंना काही झालं नाही. बाहेरच्या खोलीतला मुक्काम मात्र लांबला.

तपासणीचा निकाल कळण्याच्याही आधी, त्या पहिल्याच संध्याकाळी, सासूबाईंनी रंगबाईंचं ताट मधल्या दाराबाहेर ठेवून दार लावून घेतलं होतं.

"पोरीला पेपर कसा गेला?" आतून आवाज आला.

"चांगला गेला, आई. तुम्ही जेवून घ्या."

पलीकडे, दाराला अगदी लागून, पाट सरकवल्याचा आवाज झाला. मग ताट ठेवल्याचा.

"तू घेतलास का घास?"

"घेतला."

"मग मीही घेते," सासूबाई म्हणाल्या, आणि बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघी जेवू लागल्या.