द्राक्षतेलाचं बारसं

केसांच्या तेलाच्या कारखान्यात पॅकिंगवरच्या ताईंनी नव्या बाटलीवरचं लेबल वाचलं आणि त्यांच्या अंगावर काटा आला. द्राक्षांचा हिरवा घड, आणि त्याखाली ठसठशीत सोनेरी अक्षरांत: उवा.

"साहेब, छापणाऱ्याची काहीतरी चूक झालीय," त्या मालकांना म्हणाल्या.

"चूक कसली? इटालियनमध्ये उवा म्हणजे द्राक्ष. आपलं तेल द्राक्षबियांचं. मी स्वतः शोधलंय नाव."

"आपल्यात उवा डोक्यात होतात हो."

"ताई, जरा जगाबरोबर चालायला शिका."

घरी त्यांनी नणंदेला सांगितलं. ती शाळेत भाषा शिकवायची. "आपली ऊ संस्कृतातल्या 'यूका' शब्दाची लेक, त्यांची उवा लॅटिनच्या घरची. ना नातं ना गोतं, नुसती नावं जुळली," म्हणत ती पोट धरून हसली. ताईंना हसू फुटेना. लहानपणी बाईंनी भर वर्गात फुटपट्टीनं त्यांची वेणी उचलून साऱ्या पोरींना दाखवली होती. कानामागची ती वळवळ जशीच्या तशी आठवली.

दुसऱ्या दिवशी लेबलं चिकटवायला बसल्या. गळक्या बाटल्यांचं हिरवट तेल हाताला बुळबुळत होतं. तासाभरात शेजारची बाई मान खाजवू लागली, मग तिच्या पलीकडची. दुपारपर्यंत अख्खी ओळ डोकं खाजवत होती. एकीला तर उमासे यायला लागले. मालक आले, नाक मुरडून म्हणाले, "तुम्हा बायकांना स्वच्छता म्हणून काही माहीत आहे का?"

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी एक बाटली उघडून पुढे धरली. "आमच्या डोक्यात काही नाही, साहेब. हे सगळं तुमच्या लेबलातनं आलंय. तुम्ही चार थेंब लावून दाखवा, आम्ही गुमान कामाला लागतो."

मालकांनी तळहातावर तेल घेतलं. हात कानापर्यंत गेला आणि तिथंच थबकला. मग त्यांनी तो रुमालाला पुसला. पुन्हा पुसला. रुमालही कचऱ्यात टाकला.

आठवड्यात नाव बदललं. स्वच्छतेचं बोलणं मात्र कुणी मागं घेतलं नाही. जुन्या लेबलाच्या बाटल्या बायकांना फुकट वाटून टाकल्या. ताईंनी आपली बाटली मालकांच्याच टेबलावर ठेवली, साबणानं दोनदा हात धुतले आणि घरची वाट धरली.