बॅटरीचं अंगडं

"आज तरी बॅटरी वर आणलीस का?" टेलरआजींनी विचारलं, तेव्हा सिस्टर त्यांच्या पायाची जुनी पट्टी सोडवत होती.

"नाही आजी. घाई आहे आज. अजून दोन पेशंट आहेत."

पेशंट एकच होता आणि तोही संध्याकाळचा. सिस्टरने मान वर केली नाही. जखम पुसताना मान खाली घालावी लागते, ही अलीकडे तिच्या कामातली मोठीच सोय झाली होती.

घरोघरी जाऊन ड्रेसिंग करणं हे तिचं काम. त्यासाठी एजन्सीने बॅटरीवरची सायकल दिली होती, पण बॅटरी इतकी थकलेली, की आजींच्या गल्लीत पोहोचेपर्यंत मान टाकायची. मग ती काढायची, खांद्याला लावून तीन जिने चढायचे आणि आजींच्याकडे चार्जिंगला लावायची. खिडकीजवळ एकच सॉकेट आणि त्यात शिलाई मशीनचा प्लग. ड्रेसिंगच्या दिवशी आजी तो आधीच काढून ठेवत. चार्जिंग होईस्तोवर सिस्टर खिडकीतल्या खुर्चीत बसायची. आजींनी जन्मभर बायकांचे कपडे शिवलेले. कुणाचा एक खांदा उतरता होता, कोण माप देताना श्वास कोंडून पोट आत घ्यायची, हे सांगताना त्यांनाच हसून हसून ठसका लागायचा. ऐकता ऐकता सिस्टर बसल्या जागी डुलकी काढायची. आजींची त्यालाही हरकत नसे.

मग एजन्सीने नवी बॅटरी दिली, दिवसभर पुरणारी. सिस्टर दुपारी घरी जाऊन पाय पसरून झोपू लागली. त्यात गैर काहीच नव्हतं. फक्त आजींना हे सांगायला तिची जीभ रेटत नव्हती. आता मला तुमच्या सॉकेटची गरज नाही, असं माणसाच्या तोंडावर म्हणायचं कसं? त्यापेक्षा घाईचं सोंग सोपं होतं.

"मी फार बोलते, नाही गं?" आजी म्हणाल्या. "तू दमून येतेस आणि मी आपली टकळी सुरू करते."

"छे हो आजी, तसं काही नाही."

सिस्टरने चिकटपट्टी दाबली, उगाच पुन्हा दाबली.

"मग एवढं कर. खाली जा आणि बॅटरी घेऊन ये. लावू नकोस हवं तर. एक गंमत आहे."

आजींनी मशीनच्या खणातून जाड निळ्या कापडाची पिशवी काढली. आतून मऊ अस्तर, वर रुंद पट्टा, कडेला दुहेरी शिलाई.

"बॅटरीचं अंगडं! वर येतेस तेव्हा खांदा चोळत असतेस. मागे तू घोरत होतीस ना, तेव्हा माप घेतलं. तिचं हो, तुझं नाही."

"किती छान! खाली गेले की घालते."

"माझ्यासमोर घाल. फिटिंग बघितल्याशिवाय मी कधी कुणाला कपडा दिलेला नाही."

सिस्टर जिने उतरली. सायकलपाशी वाटलं, असंच निघून जावं. पण कामाची पिशवी वर राहिली होती. ती नवी बॅटरी उचलून वर आली.

आजींच्या नजरेला दोन्ही बॅटऱ्या काळ्याच. त्यांनी अंगडं चढवलं, ते अर्ध्यावर अडकलं. त्यांनी ओढलं, उलट बाजूने घालून पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा ओढलं.

"चुकलं गं," त्या हळूच म्हणाल्या. "एवढं? एवढं कधी चुकलं नव्हतं."

त्यांनी गळ्यातली टेप काढली, बोटांवर गुंडाळली आणि खणात टाकली.

"संपलं म्हणायचं. आता कुणाचं काही हातात घ्यायला नको."

असू द्या आजी, होतं असं, एवढंच म्हणायचं होतं. वाक्य सिस्टरच्या ओठावर तयार होतं. तिला स्वतःची लाज वाटली.

"आजी, माप बरोबर आहे तुमचं. बॅटरी दुसरी आहे."

"दुसरी?"

"नवीन मिळाली. महिना झाला. दिवसभर पुरते."

"म्हणजे ती घाई..."

"नव्हती घाई."

आता चार शब्द सुनावले असते तर सिस्टरला बरं वाटलं असतं. आजींनी खण उघडून टेप पुन्हा बाहेर काढली.

"तरीच. माझा हात असा जायचा नाही. धर हे टोक."

सिस्टरने टोक धरलं. आजींनी लांबी, रुंदी, जाडी घेतली. प्रत्येक माप दोनदा घेतलं. मग कात्रीच्या टोकाने कडेची शिलाई उसवायला सुरुवात केली.

"दोन्हीकडून पट्टी जोडावी लागेल. पुढच्या ड्रेसिंगला ने."

"मी थांबते ना आज, आजी. खरंच काही काम नाही."

"कशाला गं? घरी जा, पड जरा."

आवाजात कुठेही टोचणी नव्हती. मशीनचा प्लग खिडकीखाली जमिनीवर पडला होता. आजही त्यांनी तो सकाळीच काढून ठेवला होता. महिनाभर, दर वेळी, काढून ठेवला असणार. सिस्टर तो उचलायला वाकली, तशी आजींनी तिला हातानेच थांबवलं. भिंतीचा आधार घेत, दुखरा पाय लांब ठेवून त्या स्वतः वाकल्या आणि प्लग सॉकेटमध्ये घट्ट बसवला. मशीनचा दिवा लागला.